तिचं ऐकलं कुणी?

घरातली एखादी बाई एकदम गप्प झाली, रात्र रात्र जागू लागली, मध्येच रडू-हसू लागली, की आधी कुजबुज सुरू होते. "नाटकं करते." "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" "कुणाची तरी नजर लागली असेल." आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "डोक्यावर परिणाम झालाय गं तिच्या." तिच्याविषयी सगळे बोलतात. तिच्याजवळ बसून "बाई गं, तुला काय होतंय?" असं विचारणारं मात्र क्वचितच कुणी निघतं.

हे फक्त आपल्याच घरांतलं दुखणं आहे असं समजायचं कारण नाही. एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होत होतं, तेव्हाचा युरोप आठवा. विजेचे दिवे आले होते, रेल्वे धावत होती, पॅरिस आणि व्हिएन्ना ही शहरं ज्ञानाची माहेरघरं म्हणून मिरवत होती. मनाच्या आजारांवर तिथे जेवढा खल झाला, तेवढा त्याआधी कुठेच झाला नव्हता. अल्झायमर, स्किझोफ्रेनिया हे आज आपल्याही तोंडी सहज येणारे शब्द त्याच काळात जन्माला आले. मोठमोठी इस्पितळं उभी राहिली, जाडजूड ग्रंथ लिहिले गेले. या सगळ्या धामधुमीत आजारी बाईचं काय झालं? डॉक्टरांची चरित्रं भरपूर आहेत. आपण त्यांच्यासमोर बसलेल्या बायकांकडे बघू या.

सुरुवात पॅरिसच्या साल्पेत्रिएरपासून करायला हवी. नावाचा अर्थ सोराखाना. तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी त्या जागी बनायचा. १६५६ मध्ये चौदाव्या लुईच्या हुकमाने शहरातल्या गोरगरीब, निराधार बायकांना ठेवायची ती जागा झाली. भिकारणी, म्हाताऱ्या, वेश्या, फिट येणाऱ्या, वेड लागलेल्या, सगळ्यांना एकाच आवारात कोंडलं जायचं. दोनशे वर्षांनी, १८६२ मध्ये, झां-मार्तिन शार्को नावाचे डॉक्टर तिथे रुजू झाले, तेव्हाही त्या आवारात चार-पाच हजार जीव राहत होते. म्हणजे ते इस्पितळ कसलं, एक गावच होतं, आणि तेही जवळजवळ सगळं बायकांचं.

शार्को मोठा माणूस होता, यात शंका नाही. मज्जातंतूंचे कितीतरी आजार त्यांनी पहिल्यांदा नीट ओळखले. हिस्टेरियाच्या बाबतीतही त्यांचे उपकार आहेतच. ‘हिस्टेरिया’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेला. बाईचं गर्भाशय बिघडलं की तिचं डोकं बिघडतं, ही समजूत युरोपात दोन हजार वर्षं ठाण मांडून होती. शार्कोंनी सांगितलं की हा मज्जासंस्थेचा आजार आहे, पुरुषांनाही होतो, आणि या बायका ढोंग करत नाहीत. ‘ढोंग करत नाहीत’ एवढं एका मोठ्या डॉक्टराने म्हणणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. तरी जुनी समजूत पुरती गेली नव्हतीच. झटका आलेल्या बाईच्या ओटीपोटावर, अंडाशयाच्या जागी दाब देऊन झटका थांबवायचा उपाय त्यांच्याच वॉर्डात चालायचा.

शार्कोंचा सगळा भर बघण्यावर होता. रुग्णाला समोर उभं करायचं आणि निरखायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची व्याख्यानं असत. सभागृहात डॉक्टर, विद्यार्थी, लेखक, पत्रकार, सगळे गर्दी करत. मोपासांसारखा कथाकारही तिथे जाऊन बसायचा. आजारी मुलीला आणायचं, संमोहित करायचं आणि सगळ्यांसमोर तिला झटका यायला लावायचा. तिचं अंग धनुष्यासारखं वाकायचं आणि समोरचे लोक वहीत टिपणं करायचे. आंद्रे ब्रुये या चित्रकाराने १८८७ मध्ये असल्या एका व्याख्यानाचं भलं मोठं चित्र काढलं. त्यात खोली भरून काळ्या कोटातले पुरुष आहेत. मध्ये, एका डॉक्टरच्या हातावर मान टाकलेली, खांद्यावरून कपडे घसरलेली ब्लांश विटमान आहे. इतक्या माणसांत तिच्याशी बोलणारं एकही माणूस त्या चित्रात नाही. सगळे तिच्याकडे बघताहेत किंवा शार्कोंचं ऐकताहेत.

इस्पितळात फोटोंसाठी वेगळी सोय होती. १८७६ ते १८८० या वर्षांत तिथल्या बायकांच्या फोटोंचे ग्रंथ निघाले. त्यांत सगळ्यांत जास्त गाजली ती ऑगस्तीन. १८७५ मध्ये दाखल झाली तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची पोर होती. तिची आई ज्या घरात कामाला होती, त्या घरच्या मालकाने वस्तऱ्याचा धाक दाखवून तिच्यावर बलात्कार केला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला झटके सुरू झाले. झटक्यात ती त्याच माणसाशी बोलायची, ओरडायची, मला सोड म्हणून विनवायची. तिथल्या डॉक्टरांनी हे सगळं तिच्या शब्दांत लिहून ठेवलं, म्हणून तर आज आपल्याला ते कळतं. पण लिहिलेलं मनावर कुणी घेतलं? फोटोंखाली मथळे आले ते ‘परमानंद’ आणि ‘प्रेमाची याचना’ असले. पोरगी ज्याला घाबरून किंचाळत होती, त्याच्याच आठवणीला प्रेमाचं नाव मिळालं.

१८८० मध्ये ऑगस्तीन पुरुषाचे कपडे घालून साल्पेत्रिएरमधून पळून गेली. पुढे तिचं काय झालं याचा पत्ता लागत नाही. मला मात्र तिच्या सगळ्या फोटोंपेक्षा हे पळून जाणंच जास्त बोलकं वाटतं. तिच्या आजाराची कीर्ती काही तिच्याबरोबर पळाली नाही. १९२८ मध्ये पॅरिसमधल्या काही कवींनी हिस्टेरियाची पन्नाशी म्हणून आपल्या मासिकात तिचे फोटो पुन्हा छापले आणि त्या झटक्यांना काव्य म्हणून गौरवलं. पन्नास वर्षांनीही तिच्याकडे बघणंच चालू होतं.

१८९३ मध्ये शार्को वारले. त्यानंतर गंमत अशी झाली की त्यांच्या वेळचे ते मोठमोठे नाट्यमय झटके हळूहळू दिसेनासे झाले. ब्रुयेच्या चित्रात ब्लांशला सावरून उभा असलेला डॉक्टर म्हणजे बाबिन्स्की. पुढे तोच म्हणू लागला की यातलं बरंचसं सूचनेनं घडत होतं, डॉक्टरला जे बघायचं असायचं तेच रुग्ण दाखवत होता. मग त्या बायका खोटारड्या होत्या का? नाही. दुःख खरंच होतं. पण ज्या घरात तोंडाने बोललेलं कुणी ऐकत नाही, तिथे अंग बोलायला लागतं. समोरच्याला अंगाची जी भाषा समजते, त्याच भाषेत ते बोलतं. आपल्याकडे एखादीच्या अंगात येतं तेव्हा सासरा आणि दीरसुद्धा हात जोडून तिचं ऐकतात. एरवी तिचं कोण ऐकत होतं? एवढा विचार केला तरी साल्पेत्रिएर फार दूरचं वाटत नाही.

शार्कोंच्या व्याख्यानांना १८८५-८६ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून आलेला एक तरुण डॉक्टर बसत असे. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. ब्रुयेच्या त्या चित्राची प्रत फ्रॉइडने पुढे आपल्या खोलीत लावली होती. पण त्याची दिशा बदलायला कारण झाली ती व्हिएन्नातलीच एक मुलगी. तिच्यावर फ्रॉइडचे वडीलधारे मित्र जोसेफ ब्रॉयर यांनी उपचार केले होते. पुस्तकात तिचं नाव ‘आना ओ.’ असं आहे. खरं नाव बेर्था पापेनहाइम.

बेर्था १८५९ ची. सधन ज्यू व्यापाऱ्याची मुलगी, घर कर्मठ. शाळा सोळाव्या वर्षी संपली. धाकटा भाऊ विद्यापीठात गेला. हिने भरतकाम करायचं, पियानो वाजवायचा आणि चांगल्या घरचं स्थळ यायची वाट बघायची. लहान समाज, चार घरांची एकमेकांवर नजर, मुलीच्या बुद्धीचं कौतुक पण तिला वाट नाही. यातलं काहीच आपल्याला समजावून सांगायला नको. १८८० च्या उन्हाळ्यात तिचे वडील आजारी पडले. रात्रीची जागरणं हिच्याकडे आली. काही महिन्यांत बेर्था स्वतःच अंथरुणाला खिळली. खोकला सुरू झाला, उजवा हात लुळा पडला, नजर तिरळी झाली. काही आठवडे तर तहानेनं जीव जात असूनही तिला पाणी पिता येईना. पुढे आपली जर्मन भाषाच ती विसरली आणि फक्त इंग्रजीत बोलू लागली.

ब्रॉयर रोज यायचे आणि बसून तिचं ऐकायचे. तशी ही साधी गोष्ट आहे, पण औषधोपचाराच्या इतिहासात ती मोठी ठरली. एके दिवशी संमोहनात ती बोलू लागली. घरातल्या सोबतीण बाईचं कुत्रं पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिलं होतं. तिला किळस आली होती, पण सभ्यता म्हणून ती काही बोलली नव्हती. दाबून ठेवलेला सगळा राग तिने बाहेर काढला, पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायली. या उपायाला ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव तिनेच दिलं. गमतीत त्याला ती धुराडं साफ करणंही म्हणायची. जगभर आज मानसोपचाराच्या खोलीत दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, त्या पद्धतीचं बारसं एका एकवीस-बावीस वर्षांच्या आजारी मुलीने केलं.

ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं पुस्तक १८९५ मध्ये आलं. त्यात ती बरी झाली असं लिहिलं आहे. खरी हकीकत इतकी सरळ नाही. १८८२ च्या जुलैत ब्रॉयरांचे उपचार संपल्या संपल्या तिला स्वित्झर्लंडमधल्या एका खासगी आरोग्यधामात ठेवावं लागलं. दुखणं शमवायला दिलेल्या मॉर्फीनची तिला सवय लागली होती. पुढची पाच वर्षं ती मधूनमधून इस्पितळात होती. नुसतं बोलून सगळं बरं होतं असं मीही म्हणणार नाही, बेर्थाही म्हटली नसती. पुढच्या आयुष्यात त्या उपचारांविषयी ती अवाक्षरही बोलली नाही. पण तिची गोष्ट इथे संपत नाही. तिच्याकडे मी परत येणार आहे.

ऐकणं आणि विश्वास ठेवणं यांत फरक आहे. तो कळायला फ्रॉइडच्याच खोलीतली दुसरी मुलगी बघावी. पुस्तकातली ‘डोरा’, खरी इडा बाउअर. १९०० च्या ऑक्टोबरात वडिलांनी तिला फ्रॉइडकडे आणलं तेव्हा तिला अठरावं वर्ष पुरं होत आलं होतं. खोकला यायचा, मध्येच आवाज जायचा, जीव द्यायच्या गोष्टी करायची. तिचं म्हणणं असं होतं की वडिलांच्या मित्राने तिच्याशी दोनदा गैरवर्तन केलं, त्यातलं पहिलं ती लहान असताना. वडिलांचे त्या मित्राच्या बायकोशी संबंध होते. आपल्याकडे काणाडोळा व्हावा म्हणून मुलीच्या बाबतीत काणाडोळा करायचा, असा घरात मुकाट सौदा झाला होता. मुलगी बोलली तेव्हा वडील म्हणाले, हिच्या मनाचे खेळ आहेत. आणि तिला शहाणं करायला डॉक्टरकडे घेऊन आले.

फ्रॉइडने तिचं ऐकलं. घडलेली गोष्ट खरी आहे हेही त्याने मानलं. पण मग तो तिलाच समजावू लागला की मनातून तुला तो माणूस आवडत होता. अकरा आठवडे झाल्यावर, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, डोरा म्हणाली की आज माझा शेवटचा दिवस, आणि निघून गेली. हे तिने कधी ठरवलं असं फ्रॉइडने विचारलं, तर पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली. मोलकरणीने नोकरी सोडताना पंधरा दिवसांची सूचना द्यावी तसंच हे झालं, असं फ्रॉइडला वाटलं. मला वाटतं, ती त्याची नोकरी सोडत नव्हती, तिने त्यालाच रजा दिली होती. काही महिन्यांनी ती त्या कुटुंबाकडे स्वतः गेली आणि सगळं तोंडावर विचारलं. त्या माणसाने आपलं वागणं कबूल केलं. १९०२ च्या एप्रिलमध्ये फ्रॉइडला भेटून तिने हे सांगितलंही. त्याने तिची केस १९०५ मध्ये छापली. त्या छापील पानांतूनच आज आपल्याला दिसतं की मुलगी पहिल्यापासून खरं बोलत होती.

याच सुमाराला फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक वेगळं ऐकणं चाललं होतं. २५ नोव्हेंबर १९०१ ला एका रेल्वे कारकुनाने आपल्या बायकोला तिथे आणलं. ऑगुस्टे डेटर, वय ५१. ती वस्तू लपवायची, रात्री चादरी ओढत घरभर हिंडायची, नवऱ्यावर नाही नाही ते संशय घ्यायची. तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्याजवळ बसले आणि एकेक प्रश्न विचारून उत्तरं लिहीत गेले. नाव? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगुस्टेच, असं तिला वाटत होतं. ताटात फ्लॉवर होता, काय खातेस विचारलं तर म्हणाली पालक. नाव लिहून दाखव म्हटलं तर ‘श्रीमती’ एवढं लिहून पुढचं विसरली. मध्येच तिने सांगितलं की मी मलाच हरवून बसले आहे.

या बाईला बरं करायचा उपाय अल्झायमरांकडे नव्हता. आजही पुरता नाही. पण त्या इस्पितळात रुग्णांना बांधून ठेवायची पद्धत मोडीत काढली होती. चिडलेल्या रुग्णाला कोमट पाण्याच्या टबात तासन्‌तास बसवून शांत करत. अल्झायमर पुढे म्युनिकला गेले तरी ऑगुस्टेची खबर घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ ला ती गेली. त्यांनी तिच्या मेंदूचा अभ्यास करून त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगन शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत तो मांडला. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं. ऑगुस्टेची फाइल तळघरात गेली आणि १९९५ मध्ये पुन्हा सापडली. नव्वद वर्षांनी ती उघडली तेव्हा आतून डॉक्टरांच्या शोधाबरोबर एका बाईचा आवाजही जसाच्या तसा बाहेर आला. आपल्या घरातल्या आजी-आत्या ‘मी जेवले का गं?’ असं दहाव्यांदा विचारतात, तेव्हा तो आवाज आपल्याही ओळखीचा होतो.

इस्पितळं तर आता राजवाड्यांशी स्पर्धा करू लागली होती. व्हिएन्नाच्या टेकडीवर १९०७ मध्ये श्टाइनहोफ उघडलं. साठेक इमारती, मध्ये बागा, आणि सगळ्यांत उंचावर सोनेरी घुमटाचं चर्च. वास्तुकार ऑटो वाग्नर यांनी ते खास रुग्णांसाठी बांधलं. कुणाला लागू नये म्हणून बाकांचे कोपरे गोल ठेवले, पवित्र पाण्यातून संसर्ग होऊ नये म्हणून ते वाहतं ठेवलं, कुणाला झटका आलाच तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून बाजूला दारं ठेवली. फार विचाराने केलेलं काम! पण पैसेवाल्यांसाठी त्यात आरोग्यधामाचा भाग वेगळा होता. आणि इमारत माणसाला वाचवत नाही, हेही तिथेच दिसलं. तीस-पस्तीस वर्षांनी नाझींच्या राज्यात त्याच सुंदर आवारातून हजारो रुग्णांना मारायला नेलं गेलं, आणि सातशेहून जास्त आजारी, अपंग मुलांचा जीव तिथेच घेतला गेला.

शेवटी बाईचं नशीब ठरतं ते घराच्या दाराशी. कामीय क्लोदेलची हकीकत वाचून माझा जीव कासावीस झाला. फ्रान्समधली ही मोठी शिल्पकार, रोदँची शिष्या आणि काही वर्षं त्याची प्रेयसी. तो संबंध तुटल्यावर ती एकटी पडली. रोदँ आपल्या कल्पना चोरतो, आपल्याला विष घालणार आहे, असं तिला वाटू लागलं. आपलीच शिल्पं ती फोडू लागली. ती आजारी होती, हे खरंच. तिला जपणारे फक्त वडील होते. २ मार्च १९१३ ला ते वारले. मुलीला कुणी कळवलंसुद्धा नाही. आठच दिवसांनी, १० मार्चला, तिला घरातून उचलून इस्पितळात टाकलं. १८३८ च्या कायद्यानुसार नातेवाइकांचा अर्ज आणि डॉक्टरचा एक दाखला एवढं पुरे होतं.

तिथे ती तीस वर्षं राहिली. विषाच्या भीतीने सालासकट उकडलेले बटाटे असलं काहीतरी स्वतः शिजवून खायची. घरी न्या म्हणून पत्रं लिहायची. काही वर्षांनी डॉक्टरांनी कळवलं की आता ती शांत आहे, घरच्यांजवळ ठेवून बघायला हरकत नाही. आईने नाही म्हटलं. ही आई एकदाही भेटायला आली नाही. भाऊ पॉल क्लोदेल नावाजलेला कवी आणि वकिलातीतला मोठा अधिकारी. तीस वर्षांत तो डझनभर वेळा आला असेल. १९४३ च्या ऑक्टोबरात ती तिथेच गेली. युद्धकाळात त्या देशातल्या मनोरुग्णालयांत हजारो रुग्ण उपासमारीने मेले, ते हेच दिवस. तिचा आजार खरा होता, तरी तीस वर्षांचा तुरुंग आजाराने दिला नाही. लोक काय म्हणतील, या धास्तीने दिला.

दार उघडं ठेवणारी माणसंही त्याच युरोपात होती. बेल्जियममध्ये गेल नावाचं एक गाव आहे. तिथे डिम्फ्ना या संत मुलीचं देऊळ आहे. आख्यायिका अशी, की ती आयर्लंडच्या राजाची लेक. आई वारल्यावर दुःखाने भ्रमिष्ट झालेला बाप तिच्याशीच लग्न करायला निघाला. ती पळाली, त्याने गाठून या गावात तिचा शिरच्छेद केला. तेव्हापासून वेड लागलेल्यांची ती रक्षणकर्ती. लोक आपल्या आजारी माणसांना तिच्या दाराशी आणू लागले. देवळात जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतलं. शेकडो वर्षं ही रीत चालत आली. १९०० च्या सुमाराला दोन हजारांच्या आसपास रुग्ण या गावच्या घराघरांतून राहत होते. त्यांना वेडा म्हणत नसत, ‘आपल्याकडे राहणारा’ म्हणत.

गेलचे लोक देवमाणसं होते असं नाही. रुग्ण ठेवल्याचे पैसे मिळत, शेतात हात मिळत. पूर्वी काहींच्या पायांत बेड्याही असत. १८५० नंतर सरकारने देखरेख घेतली आणि डॉक्टर नियमाने फिरू लागले. पण आलेला माणूस घरच्यांच्याच पंगतीला जेवायचा, पोरांना खेळवायचा, गाय चारायचा. त्याचं सगळं करायची ती घरची बाई. सासू थकली की तेच माणूस सून सांभाळायची. विन्सेंट व्हान गॉगच्या वडिलांनी १८८० मध्ये त्याला गेलला ठेवायचा विचार केला होता. तो मानला नाही. कामीयला तीस वर्षं आईच्या घरी जागा मिळाली नाही आणि या गावात परक्याच्या घरी कुणालाही जागा होती, एवढं मात्र राहून राहून मनात येतं.

आता बेर्थाकडे वळते. १८८८ मध्ये ती आईबरोबर फ्रँकफर्टला आली. १८९५ पासून मुलींच्या अनाथाश्रमाचं काम बघू लागली. १९०४ मध्ये तिने जर्मनीतल्या ज्यू बायकांची संघटना उभी केली. बायकांच्या हक्कांवरचं मेरी वुलस्टनक्राफ्टचं इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणलं. आजारात आलेली ती इंग्रजी अशी कामी आली! फसवून विकल्या जाणाऱ्या मुलींसाठी ती पूर्व युरोपभर हिंडली. आपल्याच समाजातले लोक यात आहेत हे उघड बोलली, आणि त्यासाठी समाजाचे बोल खाल्ले. १९०७ मध्ये फ्रँकफर्टजवळ नॉय-इझेनबुर्ग इथे तिने घर काढलं. ज्यांना कुणीच घरात घेत नव्हतं अशा लग्नाआधी आई झालेल्या मुली आणि त्यांची बाळं तिथे राहायची. १९३६ मध्ये ती वारली. ‘आना ओ.’ म्हणजे हीच, हे जगाला १९५३ मध्ये कळलं. तोवर तिच्या कामालाच लोक ओळखत होते.

झुरिकच्या इस्पितळात १९०४ मध्ये सबिना श्पिलराइन नावाची अठरा वर्षांची रशियन मुलगी दाखल झाली. रडायची, हसायची, किंचाळायची. तिथले प्रमुख ब्लॉयलर यांनी तिला नुसतं खाटेवर ठेवलं नाही, तिच्या शिकण्याची इच्छा मानली. झुरिकचं विद्यापीठ बायकांना डॉक्टर करणाऱ्या युरोपातल्या पहिल्या विद्यापीठांपैकी एक होतं. तिच्यावर उपचार करणाऱ्या युंगने पुढे डॉक्टरची मर्यादा ओलांडली, तो डाग आहेच. पण ती १९११ मध्ये डॉक्टर झाली. तिचा प्रबंध एका स्किझोफ्रेनिया झालेल्या बाईच्या बोलण्यावर आहे. ज्याला लोक असंबद्ध बडबड म्हणत, ती सबिनाने बसून ऐकली, टिपली आणि त्यातला धागा शोधला. १९४२ मध्ये नाझींनी तिला आणि तिच्या दोन्ही मुलींना रशियातल्या रोस्तोव्ह या तिच्या गावी ठार मारलं. तिची पत्रं आणि डायरी १९७७ मध्ये सापडली, तोवर तिचं नावही मागे पडलं होतं.

मैत्रिणींनो, त्या काळापेक्षा आज आपल्याजवळ पुष्कळ आहे. औषधं आहेत, चांगले डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्यात लाज वाटायचं कारण उरलेलं नाही. मनाच्या आजाराला उपास, नवस नाहीतर लग्न लावून देणं हा उपाय नव्हे, डॉक्टरच लागतो. पण डॉक्टरकडे नेण्याआधीचं आणि तिथून परत आणल्यानंतरचं काम घराचंच आहे. ती काही सांगत असेल, त्यात घरातल्याच कुणाचं नाव येत असेल, तर पहिल्या झटक्यात ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. वडील डोराला तेच म्हणाले होते. ती इस्पितळात असली तर भेटायला जावं, पुन्हा पुन्हा जावं. तिचं कपाट दुसऱ्या कुणाला देऊ नये. ती परत येईल त्या दिवशी पंगतीत तिचं ताट मांडलेलं असावं, आणि वाढताना कुणी तिच्याकडे टक लावून बघू नये.